हंदा कुठल्या फाट्याने गेली

गोबीच्या वाळवंटातल्या पर्यटकांच्या तळावर नोर्जमा एकवीस वर्षं स्वयंपाक करत होती. नवरा तिथेच गाडी चालवायचा. तो वारला आणि यंदा त्यांची मुलगी हंदा त्याच्या जागी आली. पाहुण्यांना सकाळी न्यायचं, आसपासचं काही दाखवून अंधाराआधी परत आणायचं. एकटीने जाण्याचा तिचा पहिला दिवस म्हणजे नऊ जून.

सव्वाआठला ती एका कोरियन म्हाताऱ्या जोडप्याला घेऊन निघाली. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून नोर्जमाने रिवाजाप्रमाणे गाडीमागे दूध शिंपडलं. विहिरीपर्यंत वाट एकच होती. पुढे एक फाटा पडक्या मठाकडे जायचा, दुसरा बर्फाच्या घळीकडे. कुठे चाललीस, कधी पोचशील, हे गाडी हाकणाऱ्याला विचारायचं नसतं. विचारलं की वाट अडते, अशी तिथली समजूत. नवऱ्याला तिने जन्मात कधी विचारलं नव्हतं. आजही प्रश्न ओठांवर आला, तो तिने गिळला.

साडेबाराला पश्चिमेचं आभाळ पिवळं पडलं. तळाचा मालक लुव्सान धावत स्वयंपाकघरात आला.

"ताई, पोरगी कुठल्या फाट्याने गेली?"

"मला काय ठाऊक!"

"आई ना तू? एवढंही विचारलं नाहीस?"

"तुमच्या बायकोने कधी विचारलंय तुम्हाला?"

 दोन्ही फाट्यांवर फोन लागत नसे. तळावर जीप एकच उरली होती आणि वादळ तासाभरावर आलेलं. एकाच दिशेला जाता येणार होतं.

कोरियन म्हातारीचा गुडघा दुखत होता. घळीत दगडधोंड्यांतून तासभर चालावं लागतं. पण म्हाताऱ्याला गिधाडांचे फोटो हवे होते, आणि ती तर घळीतच. हंदाला कुणाला नाही म्हणता येत नसे. नोर्जमाने पिठाचे हात पुसले.

"मठ," ती म्हणाली आणि जीपमध्ये लुव्सानशेजारी चढून बसली.

फाट्यावर चाकांच्या खुणा वाऱ्याने कधीच पुसल्या होत्या. मैलभर गेल्यावर तिला खात्रीच वाटू लागली, की पोर घळीत आहे. पण मागे वळायला आता वेळ नव्हता.

मठाच्या उभ्या उरलेल्या एकुलत्या भिंतीआड हंदाची गाडी होती, वाऱ्याकडे पाठ करून. आत तिघं तोंडाला ओली फडकी बांधून बसले होते.

"आई! वाऱ्यात गाडी काढतात का? बाबांनी दोघांनाही फोडून काढलं असतं!"

"मला नको बोलूस," लुव्सान म्हणाला. "मी हुकमाचा ताबेदार."

नोर्जमा लेकीशेजारी अंग चोरून बसली. टपावर वाळू ताडताड आपटत होती.

"उद्या कुठे जाणार?" तिने विचारलं.

हंदा दचकली. "आई, असं विचारतात का?"

"सांग."

"घळीत," हंदा हळूच म्हणाली. "आजींना घोड्यावर बसवून."

नोर्जमाने मान हलवली. विचारून तर बसली होती. आता उद्याची वाट अडते की काय, ही नवी धास्ती तिला लागली.