डाव्या बाजूचे ओरखडे

अंबादास गेल्याचा फोन त्याच्या मुलीने मला कार्यालयात केला. "ताई, पप्पा सकाळी गेले. गुरुजींना तुमीच सांगा, मला जमणार न्हाय," एवढंच ती बोलली. सात रस्ता चौकातल्या गर्दीतून घरी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. त्यातलं एकही कामी आलं नाही. माझा चेहरा पाहूनच बाबांनी विचारलं, "अंबादास?" तो आठ दिवस दवाखान्यात होता, हे त्यांना ठाऊक होतं. मी मान हलवली. ते खिडकीपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "माझ्याहून अठरा वर्षांनी लहान होता..."

या गोष्टीला आता दीड महिना झाला. अंबादास आमचा ना नातेवाईक, ना शेजारी. भवानी पेठेत त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा हा माणूस मागावर न बसता गाड्यांकडे वळला होता. माढ्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन बाबा सोलापुरात आले, तेव्हा भरवशाचं गॅरेज मिळेपर्यंत त्यांनी चार ठिकाणं पालथी घातली. एका ठिकाणी तर इंजिन खोलावं लागेल असं सांगितलं होतं. अंबादासने एक चिरलेला पाइप बदलला, जुना पाइप बाबांच्या हातात दिला आणि चीर कुठे आहे ते बोटाने दाखवलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "जे बिघडलं तेवढंच सांगतो हा माणूस. आता दुसरीकडे जायचं नाही." आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं ते गेलेही नाहीत. अपवाद फक्त एकदाचा.

तेव्हा चार महिन्यांत तिसऱ्यांदा आमच्या पांढऱ्या गाडीची डावी बाजू घासली होती. कधी फाटकाला, कधी कुणाच्या ओट्याला. मी ते ओरखडे रोज पाहत होते आणि मनात म्हणत होते, वय झालं. अंबादासने मात्र वेगळंच काही पाहिलं. त्या दिवशी गॅरेजात त्याने चहाचा कप बाबांच्या डाव्या बाजूने पुढे केला. बाबा समोर बघत बोलतच राहिले. कप तसाच धरून तो थोडा वेळ थांबला, मग उजव्या बाजूला आला. बाबांनी लगेच कप घेतला. "गुरुजी, राग मानू नका," तो म्हणाला, "गाडीला काय झालेलं न्हाय. आदी डोळे दाखवून या. मग मी पत्रा सरळ करून देतो की."

बाबांना ते फार लागलं. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या होत्या. ते गाडी घेऊन तडक मोठ्या रस्त्यावरच्या एका चकचकीत गॅरेजात गेले. तिथल्या लोकांनी काम सुरेख केलं, ओरखड्याचा मागमूस राहिला नाही. कुणी काही विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी अंबादास घरी आला. मी दार उघडलं, तर म्हणाला, "ताई, गुरुजींनाबी बोलवा. त्यांच्या मागं सांगितलं तर ती चुगली हुईल." आणि बाबांच्या समोर उभा राहून, त्यांच्याकडेच बघत त्याने मला चहाच्या कपाचं सांगितलं. "उद्या डाव्या बाजूला भिंत नसंल, एखादं लेकरू आसंल," शेवटी तो म्हणाला. बाबांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले, आणि थोड्या वेळाने मला हाक ऐकू आली. बाबा उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे होते. "इथे तारखा आहेत ना गं?" त्यांनी विचारलं.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. उजवा डोळा थेंबांवर टिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तो आजवर टिकला आहे. अंबादास बोलला नसता तर... हा विचार मी कधी पुरा करत नाही. त्याच आठवड्यात बाबा रिक्षाने भवानी पेठेत गेले आणि गाडीची किल्ली त्याच्यापुढे ठेवून म्हणाले, "विकून टाक." मला न विचारता. मला जरा वाईटही वाटलं होतं. अंबादासने किल्ली खिशात टाकली, पण गाडी काही विकली नाही. दर गुरुवारी सकाळी तो घरी यायचा. उभी राहून गाडीची बॅटरी बसते, हे त्याचं कारण. बाबांना शेजारी बसवून तो तळ्याकडून चक्कर मारून आणायचा. एकदा दोघं पार माढ्यापर्यंत जाऊन आले. बाबा वाटभर त्याच्या चुका काढायचे आणि तो "व्हय गुरुजी" म्हणत आपल्याच पद्धतीने चालवायचा. सहा वर्षं हे चाललं. त्याच्या मुलीने किल्ली परत आणून दिली, तेव्हा बाबांनी ती माझ्याकडे सरकवली.

मागच्या गुरुवारी मी रजा घेतली. आठ वाजता बाबा इस्त्रीचा सदरा घालून गाडीत जाऊन बसलेले. मी गाडी सुरू केली, गियर टाकणार तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. काच खाली कर."

"कशाला?"

"तो मिनिटभर नुसता ऐकत बसायचा. मगच निघायचा."

मी काच खाली केली. आम्ही दोघं इंजिनचा आवाज ऐकत राहिलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, बाबांनाही कळत नसावं. पण त्यांनी डोळे मिटले होते आणि मिनिट पुरं होईपर्यंत माझ्या हातावरचा हात काढला नाही.