पाच अक्षरी, मधे ए

कचेरीत कागद साचतात तसे किस्सेही साचतात. कागदांना निदान वाळवी लागते. किश्शांना काहीच लागत नाही. पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली, तरी चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, “कर्णिक, तुमच्या त्या कोड्याच्या गमती होऊन जाऊ द्या!” मी सांगतो. मंडळी पोट धरून हसतात. आणि घरी जाताना मला माझीच लाज वाटते, कारण ह्या गमतींत हसं दुसऱ्याचं व्हायचं आणि चूक माझी असायची.

कर्जतच्या मामलेदार कचेरीत मी कारकून होतो, तीस सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात तेव्हा बक्षिसाचं शब्दकोडं यायला लागलं होतं. क्रॉसवर्ड! अव्वल कारकून दामले आणि मी, दोघंही त्यापायी खुळे झालो. इंग्रजी दोघांचंही मॅट्रिकला काठावर निभावलेलं. पण अर्थ कळला नाही तरी घरं मोजता येत होती. आडव्या शब्दातून एखादं अक्षर हाती लागलं की कचेरीच्या डिक्शनरीत बोट फिरवत बसायचं. त्या डिक्शनरीची एसपासून पुढची पानं उंदरांनी खाल्ली होती, त्यामुळे तिथून पुढचे शब्द आम्ही देवावर सोडायचो!

*

एकदा कशेळ्याचा नामा आला. बाप वारल्यावर जमिनीला दोघा भावांची नावं लागली होती, त्या उताऱ्याची नक्कल त्याला हवी होती. नकलांचं काम माझ्याकडे. धाकटा भाऊ गोपाळ मुंबईला गिरणीत होता, तो आजारी पडून इस्पितळात होता.

“भाऊसाहेब, त्येला कागद दावायचा हाय,” नामा म्हणाला. “सारखा इचारतो, दादा, माझं बी नाव लागलं का रं? डोल्यांनी बघंल तर जिवाला बरं वाटंल त्याच्या.”

काम अर्ध्या तासाचं. पण कोडं दुपारच्या डाकेनं जायचं होतं! मी नामाचा अर्ज हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि डोक्यात जे चाललं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं, “पाच अक्षरी, मधे ए!”

नामा दचकला. “नाय वो भाऊसाहेब! जमीन आमा दोगा भावांची हाय. मधी ह्यो ए कोन घुसला?”

दामले खुर्चीवरून पडायचेच राहिले! मीही हसलो. वर तोंड गंभीर करून म्हणालो, “चौकशी करावी लागेल. पुढच्या आठवड्यात ये.” बिचारा कशेळ्यापर्यंत चालत गेला तो त्या ‘ए’चा विचार करतच गेला असणार.

*

खालापूरच्या महालकरी कचेरीत माझा मावसभाऊ कारकून होता. त्याचं इंग्रजी आमच्यापेक्षा बरं. एका आठवड्यात एक शब्द काही केल्या सुटेना, तेव्हा मी सरळ सरकारी लिफाफ्यात चिठ्ठी घातली, वर ‘जरुरीचे’ असं लिहिलं आणि म्हाताऱ्या शिपायाला खालापूरला धाडलं. तो चालत गेला, चालत आला. पायाला फोड आले त्याच्या, आणि ते मला दामल्यांनी दाखवेपर्यंत दिसलेही नाहीत.

लिफाफा मावसभावाऐवजी खुद्द महालकऱ्यांनी फोडला! त्यांनी तो जसाच्या तसा आमच्या मामलेदारांकडे परत पाठवला. आमची दोघांची बोलावणी झाली. रावसाहेबांनी चष्मा लावून चिठ्ठी मोठ्यानं वाचली, “कामचुकार माणूस. पाच अक्षरी. पहिलं डी. लगेच कळवणे.”



“ह्यासाठी शिपायाला खालापूरला कशाला पिटाळलं?” रावसाहेब म्हणाले. “दामले!”

“जी, रावसाहेब?” दामले पुढं झाले.

रावसाहेब बोटं मोजत होते. “डी, ए, एम, एल, ई. बरोबर पाच!”

*

बाजारात हसनचाचांचं किराणा दुकान होतं. उमेदीची वर्षं त्यांनी बोटीवर खलाशी म्हणून काढलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण साहेब लोकांच्या तोंडचं इंग्रजी ऐकून ऐकून पाठ. नामा दुसऱ्या खेपेला आला तेव्हा मी त्याला “रावसाहेबांची सही राहिलीय” असं सांगितलं. खोटं! नकलेची एक ओळसुद्धा मी लिहिली नव्हती. तो संध्याकाळपर्यंत चाचांच्या फळीवर सहीची वाट बघत बसला आणि चाचांनी त्याला चहा पाजला.

मीही तिथं गेलो, पण नामासाठी नाही. जहाजाच्या तळाशी साचणाऱ्या घाण पाण्याला इंग्रजीत काय म्हणतात, पाच अक्षरी, हे मला विचारायचं होतं.

“बिल्ज,” चाचा साखर तोलता तोलता म्हणाले.

दामल्यांनी नाक मुरडलं. “कर्णिक, ही धक्क्यावरची इंग्रजी! छापील कोड्यात नाही चालायची.” आम्ही आमच्या मनानं दुसराच शब्द भरला. पुढच्या अंकात उत्तर आलं, बिल्ज!

मान खाली घालून मी चाचांना सांगायला गेलो. ते रागावले नाहीत. “भाऊसाहेब,” म्हणाले, “ते पानी आमी सात वरसं उपसलंय. तुमी नुसतं मोजलंत!”

हा किस्सा सांगितला की मंडळी टाळ्या देतात. मी इथंच थांबतो आणि सुपारी कातरायला घेतो. पुढचा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

*

त्या आठवड्यात आमचे सगळे शब्द भरले होते, एकच सोडून. दामल्यांना खात्री होती की ह्या वेळी बक्षीस आपलंच. अडलेला शब्द होता ‘मुदत संपली’ अशा अर्थाचा. सात अक्षरी, पहिलं ई, शेवटचं डी. रोज दहा कागदांवर मुदत संपल्याचा शेरा मारणारे आम्ही, आणि आम्हालाच तो सुचेना! आदल्या रात्री मला त्यापायी जेवण गेलं नव्हतं.

दुपारी नामा आला. ह्या खेपेला म्हाताऱ्या आईलाही बैलगाडीतून घेऊन आला होता. ती बाहेर गाडीतच बसली होती. नामाला बघून मी उगाच समोरचे कागद चाळायला लागलो, कारण नक्कल अजूनही झाली नव्हती. काय थाप मारावी ह्याचा मी विचार करत होतो. पण त्यानं नकलेचं नावही काढलं नाही. मुंडाशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. तार होती.

“सकालीच आली, भाऊसाहेब. शालामास्तर गावाला गेल्यात, कशेल्यात वाचनारं कोन नाय. मागच्या पत्रात व्हतं, गोपाळला उठून बसवत नाय म्हनून. आता कसा हाय, तेवडं बघा.”

मी तार उघडली. ‘ब्रदर एक्स्पायर्ड. कम.’

दुसऱ्या कुणीही ती तार वाचली असती. मी मोजली. माझं बोट त्या मधल्या शब्दावर गेलं आणि एकेका अक्षरावरून सरकायला लागलं. ई. एक्स. पी. आय. आर. ई. आणि शेवटी डी! सात!

“बसलं!” मी ओरडलो. “दामले, बसलं हो!”

दामले पेन्सिल घेऊन उठले. नामा माझ्या तोंडाकडे बघत होता. माझा चेहरा कसा फुलला असेल, ते त्यानं बघितलं. त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, तो कपाळाला लावला, आणि मला तोंड उघडायला सवड मिळायच्या आत तो दाराकडे पळाला.

“आये!” त्याचा आवाज साऱ्या कचेरीला ऐकू गेला. “आये, बसला गं! आपला गोपाळ उठून बसला!”