परीक्षा अंगणातच घ्या

“वाचा बघू,” म्हणत साहेबांनी एक परिपत्रक शाहीनआपांपुढे सरकवलं.

आपांनी कागद हातात घेतला. ओठ हलले, आवाज फुटला नाही. लातूरच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या त्या ऑफिसात मीटिंगला बसलेल्या एका क्लार्कला हसू आवरेना.

मी नांदेडच्या एका लहानशा संस्थेत प्रौढ साक्षरतेवर संशोधन करते. आमच्या कामाला ॲडव्होकसी म्हणतात. सोपं सांगायचं तर, गावोगाव फिरून जे दिसलं ते निर्णय घेणाऱ्यांसमोर मांडायचं आणि निर्णय बदलेपर्यंत पाठ सोडायची नाही.

त्या दिवशी प्रश्न लातूरजवळच्या मुरुडच्या साक्षरता वर्गाचा होता. शाहीनआपा मुरुडात घरोघरी बांगड्या भरतात. त्यांच्याच अंगणात बायकांचा वर्ग भरायचा. बायका नेमानं यायच्या. पण शेवटची परीक्षा शाळेत असे आणि तिथं जवळपास कुणीच जात नसे. परीक्षा नाही म्हणून निकाल नाही, निकाल नाही म्हणून वर्ग बंद करायचं चाललं होतं. आम्ही पार भोकरपर्यंतच्या बायकांशी बोललो होतो. कारण सगळीकडे एकच निघालं. जिथं आपली नातवंडं शिकतात, त्या शाळेत मास्तरांसमोर चुकायची लाज. आमची शिफारस साधी होती : जिथं वर्ग, तिथंच परीक्षा.

माझं प्रेझेंटेशन ऐकायला आपा स्वतःहून आल्या होत्या. “आमच्याबद्दल काय सांगायलेत, ते मला ऐकायचं हाय,” म्हणाल्या होत्या.

साहेबांनी कागद परत घेतला. “मॅडम, यांना वाचता येत नाही. वर्ग चालू ठेवून काय उपयोग?”

“सर, यांना वाचता येतं. फक्त इथं येत नाही. आमचा रिपोर्ट तेच सांगतोय.”

“असं कुणीही म्हणेल.”

आपांचे डोळे भरून आले होते. पदर सारखा करत त्या उभ्या राहिल्या. “साहेब, तुमच्या हापिसात माझी जीभच उचलंना. तुम्ही या ना आमच्याकडं. चहा बी घ्या, वाचून बी दावते.”

साहेबांनी परिपत्रक फायलीत ठेवलं. मग म्हणाले, “येतो.”

मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण पुढच्याच आठवड्यात त्यांची जीप मुरुडात आली. बायका आक्रसून बसल्या. साहेबांनी खुर्ची नको म्हटलं. सतरंजीच्या कडेला बसून ते चहा घेत राहिले, बायकांकडे बघायचंही त्यांनी टाळलं.

हळूहळू बायका सैलावल्या. वर्गातल्या कमलबाईंनी वर्तमानपत्र उघडलं आणि स्वतःच्याच राशीच्या भविष्यात अडखळल्या. आपांनी एकेका शब्दावर बोट ठेवत पुढचं वाचलं, “आज... लांबच्या... प्रवासाचा... योग.”

“आधी माझ्या गुडघ्याला इचार म्हनावं!” कमलबाई म्हणाल्या. सगळं अंगण हसलं. साहेबही हसले.

निघताना ते आपांजवळ थांबले. “त्या दिवशीचा कागद मलासुद्धा दोनदा वाचावा लागला होता, आपा.”

आपा खूप दिवसांनी मोकळं हसल्या.

मुरुडची परीक्षा अंगणात झाली. आपा पास झाल्या. कमलबाई राहिल्या, पण वर्ग टिकला, त्यामुळे त्या अजून येतात. परवानगी मात्र तेवढ्या एकाच वर्गापुरती मिळाली. बाकी गावांसाठीचा आमचा प्रस्ताव अजून ‘विचाराधीन’ आहे.

रिपोर्ट वर पाठवायला कुरिअर पुरतं. तो पटवायचा असेल, तर साहेबांना सतरंजीवर आणून बसवावं लागतं.