गणपती पातेल्यात आणि क्लब अठराव्या नंबरावर

मी सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, आणि ज्या वर्षी 'साचलेल्या पाण्याचे धोके' या विषयावरच्या उत्तम भाषणाबद्दल मला कंपनीकडून छत्री मिळाली, त्याच वर्षी मी स्वतःच्या घरात डास पाळले.

(छत्री चांगली आहे. अजून वापरतो.)

या सगळ्याचं मूळ फुटबॉलमध्ये आहे. इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या एका क्लबवर माझा जीव आहे. नाव सांगत नाही, त्यांना आधीच पुष्कळ दुःखं आहेत. सिंगापूरला नवा नवा आलो होतो तेव्हा हौगांगच्या एका कॉफीशॉपमधल्या टीव्हीवर त्यांना पहिल्यांदा पाहिलं. चार गोल खाऊन बसले होते, आणि तरी त्यांचा तो जाडा गोलकीपर 'चला, चला, अजून वेळ आहे' असे हातवारे करून ओरडत होता. मला अगदी भरून आलं. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी विचारलं, "यू सपोर्ट धिस टीम? व्हाय?" याचं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही.

माझी मुलगी इरा चार वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी सोफ्यावर बसून हे सामने बघते. म्हणजे गेली आठ वर्षं आम्ही दोघं मिळून हरतोय. खरं सांगतो, आठवड्यातला तो माझा सगळ्यात लाडका वेळ. एरवी ती माझ्याशी बोलते ती वायफाय बंद पडल्यावर! पण गेल्या हंगामात आमच्या क्लबनं अगदी कमाल केली. वीस संघांत अठरावे! शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात, त्यामुळे इराला वर्गातली पोरं चिडवायला लागली. एका शनिवारी सामना संपायच्या आतच तिनं टीव्ही बंद केला आणि जाहीर केलं, "बाबा, धिस इयर दे गो डाऊन, आय चेंज क्लब, ओके? एनफ लाह."

"अगं, क्लब म्हणजे काय चप्पल आहे का, बदलायला?"

"चप्पल इज मोर यूजफुल, बाबा."

क्लब खाली गेला तर मी सोसेन हो, सवय आहे. पण सोफ्यावरची शेजारची जागा रिकामी? ते मला झेपणारं नव्हतं.

नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या. माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी माझ्या बायकोला, मेघनाला, हळूच विचारलं, "यांची नोकरी गेली का गं?"

"नाही गं आई. यांचा क्लब हरतोय."

मी त्यांना लीगची सगळी भानगड समजावून सांगितली. सासूबाई निवृत्त शिक्षिका, त्यांना चटकन कळलं.

"म्हणजे नापास झाले की खालच्या वर्गात बसवतात."

"हो, तसंच."

"मग त्यात काय एवढं? देव पाण्यात ठेवू या!"

अडलेलं काम व्हावं म्हणून देवाला पाण्यात ठेवायचं आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, हे मला माहीत होतं. पण ते निवडणुकीला, नाहीतर कोर्टाच्या निकालाला. इंग्लंडमधल्या फुटबॉलला?

"आई, देवाला फुटबॉल कळतं का?"

"समीरराव, आमच्या धाकट्याच्या दहावीला ठेवले होते. देवाला बीजगणित तरी कुठं येतं? पास झाला!"

"किती टक्के?"

"पास झाला म्हटलं ना!"

झालं! देव्हाऱ्यातला चार बोटं उंचीचा पितळी गणपती पातेल्यात बसला आणि पातेलं वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर गेलं. सासूबाईंनी मला बजावलं, "देव हलवायचे नाहीत. पण पाणी रोज बदलायचं, वाटीनं काढायचं, वाटीनं घालायचं. माझा हात काही तिथवर पोचत नाही, तेव्हा हे काम तुमचं. सेफ्टीवाले ना तुम्ही?"

पाच दिवस मी इमानेइतबारे पाणी बदललं. सहाव्या दिवशी सकाळी विसरलो. आणि त्याच संध्याकाळी आमचा क्लब जिंकला! दोन-शून्य! नऊ सामन्यांनंतर! इरा सोफ्यावरून उडी मारून माझ्या गळ्यातच पडली.

आता मला सांगा, यानंतर ते पाणी बदलायला तुमचा तरी हात धजावला असता? मी इंजिनियर माणूस. अंधश्रद्धा वगैरे माझ्यात अजिबात नाही. पण जिंकलेलं पाणी मोरीत ओतून देणं हा शुद्ध निष्काळजीपणा झाला असता! मी ठरवलं, या पाण्याला हात लावायचा नाही. आटलंच तर वरून चमचाभर घालायचं. सासूबाई रोज विचारायच्या, "पाणी बदललंत ना?" आणि मी वॉशिंग मशीनकडे बघत म्हणायचो, "हो हो."

पुढचे तीन सामने आम्ही हरलो. (यात पाण्याचा काही दोष नाही, बचाव कच्चा होता.) मग एक बरोबरी झाली, मग चक्क आणखी एक विजय. आणि घरात डास झाले.

डास म्हणजे किती? मेघना पोळ्या लाटता लाटता मध्येच टाळ्या वाजवायला लागली. सासूबाई जप करताना स्वतःलाच चापट्या मारू लागल्या. इराच्या पायांवर ह्या एवढ्या गांधी उठल्या. मी खवळलो. हे नक्की वरच्या मजल्यावरच्या आजींच्या कुंड्यांचे प्रताप! सगळी अधिकारवाणी पणाला लावून मी सरकारी खात्याकडे ऑनलाइन तक्रार ठोकली. 'बेजबाबदार रहिवासी' असे शब्द वापरले. पुरावा म्हणून इराच्या पायांचे फोटो जोडले.

तपासणीवाले आले ते एका शनिवारी दुपारी. त्याच संध्याकाळी आमचा सगळ्यात मोठा सामना होता. समोरचा क्लबही आमच्यासारखाच रडतखडत चाललेला. जिंकलो तर वाचलो, हरलो तर खाली! दारात गणवेशातले एक वयस्कर चिनी काका, हातात टॉर्च आणि ड्रॉपर.

"मॉस्किटो चेक, सर. यू कम्प्लेन, राइट?"

"येस, येस! अपस्टेअर्स!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"अपस्टेअर ऑलरेडी चेक. व्हेरी क्लीन. नाऊ यू."

काकांनी बाथरूम बघितली, बेसिनखाली बघितलं आणि मग टॉर्चचा झोत पातेल्यावर स्थिरावला. इरानं त्यांना देवाचं सगळं सांगितलं. काकांनी गणपतीला अदबीनं हात जोडले, ड्रॉपरनं थोडं पाणी काढून नळीत घेतलं आणि नळी उजेडात धरली.

"सर. स्विमिंग."

आम्ही चौघांनी माना वाकवून बघितलं. नळीत सात-आठ अळ्या गिरक्या घेत होत्या.

"शक्यच नाही!" सासूबाई कडाडल्या. "सांग गं इरा त्यांना, समीरराव रोज सकाळी पाणी बदलतात म्हणावं!"

इरानं सांगितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मेघनानं बघितलं. इरानं बघितलं. पातेल्यातून गणपतीनंही बघितलं असावं.

"हाऊ मेनी डेज धिस वॉटर, सर?"

"दोन-शून्यपासून," मी मराठीतच पुटपुटलो.

"समीरराव! देवाला डबक्यात बसवलंत?"

"अहो आई, जिंकलेलं पाणी होतं ते..."

"श्रद्धा देवावर ठेवायची असते, पाण्यावर नाही!"

"मस्ट थ्रो. नाऊ," काका म्हणाले.

इरा आडवी आली. "अंकल, कॅनॉट! गॉड कम आऊट, वी लूज! टुनाइट गॉट मॅच!"

"विच मॅच?" काकांनी विचारलं, आणि इरानं सांगताच त्यांचे डोळे लकाकले. "टुनाइट? अगेन्स्ट यू? अय्या, दॅट वन माय टीम!"

एवढं म्हणून त्यांनी पातेल्याला दोन्ही हात घातले. इतक्या उत्साहानं सरकारी काम होताना मी आजवर पाहिलेलं नाही.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः गणपतीला बाहेर काढलं आणि पदरानं पुसलं. "या घाणीत माझा देव बसण्यापेक्षा तुमचा क्लब नापास झालेला बरा." काम होण्याआधीच देव बाहेर! काकांनी मला घरात अळ्या सापडल्याबद्दल दंडाची नोटीस दिली आणि एक पत्रकही दिलं. तेच पत्रक मी दर सोमवारी तुआसला वाटतो.

संध्याकाळी आम्ही हरलो. एक-शून्य, तेही शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाऊन. आमचा क्लब खाली गेला.

टीव्हीवर आमचे खेळाडू गवतावर बसून रडत होते. मी सगळा धीर एकवटून म्हणालो, "बाळा, तुला क्लब बदलायचा असेल तर खुशाल बदल हं. मी रागावणार नाही."

तिनं पायावरची गांध खाजवली.

"हाऊ टु चेंज, बाबा? यू सिट हिअर अलोन, नेक्स्ट टाइम यू ब्रीड क्रोकोडाइल."

मी हसलो की रडलो, मला आठवत नाही. दोन्ही केलं असावं.

"पुढच्या वर्षी येतील गं वर," सासूबाई आतून म्हणाल्या. "तेव्हा पुन्हा देव ठेवू. पाणी मी बदलेन, स्टुलावर चढून."

"नो नीड, आज्जी," इरा म्हणाली. "गॉड सफर एनफ. नेक्स्ट सीझन पुट बाबा."

सगळे खूप हसले. मीही हसलो. मला वाटलं, थट्टा आहे!

नवा हंगाम सुरू झाला त्या दिवशी इरानं सोफ्यासमोर बादली आणून ठेवली. तेव्हापासून प्रत्येक सामना मी बादलीत पाय सोडून बघतो, आणि इरा शेजारी बसून चिप्स खाते. पाणी दर वेळी ती स्वतः बदलते. सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बादलीचा तळ दाखवायला लावतात, कारण माझ्या 'हो हो'वर आता घरात कुणाचा विश्वास नाही. सहा सामने झाले, पाच जिंकलो. आम्ही चक्क दुसऱ्या नंबरावर आहोत!

परवा मला सडकून सर्दी झाली होती. मी काकुळतीला येऊन म्हणालो, "इरा, आजच्या दिवस पाय बाहेर काढू का गं?"

टीव्हीवरची नजर न हलवता माझी मुलगी, जी घरात चार शब्द सलग मराठी बोलत नाही, ती स्वच्छ सांगलीच्या मराठीत म्हणाली, "काम झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही."

हंगाम मे महिन्यापर्यंत आहे.