न बोललेल्या नवसाचा बोकड

जगात कुठेही वारा फिरला की त्याचा झटका आधी आमच्या मोठ्या भाऊजींना येतो, मग बाकीच्या पृथ्वीला. हे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर झाले, मुलीने मोठा मोबाईल घेऊन दिला, आणि तेव्हापासून घरचा माणूस जगाचा झाला. सकाळी म्हशीखाली बसायच्या आधी ते नकाशा उघडतात. त्यावर रंगीत वारे गरागरा फिरत असतात. "अमेरिकेला वादळ लागलं गं," असं ते माझ्या जावेला सांगतात, शेजारच्या घरात कुणी आजारी पडल्यासारखं. मी चौथी शिकलेली, पण कुठला समुद्र किती तापलाय ते मला तोंडपाठ आहे. आमच्या दोन घरांत भिंत एकच होती, ऐकायला यायचंच. त्यातल्या त्यात एल निनोवर त्यांचा राग. दूरच्या समुद्रात पाणी तापतं आणि आपला पाऊस पळतो, म्हणजे ते एल निनो, असं ते समजावून सांगत. जाऊ भाकरी थापता थापता म्हणायची, "कोण हाय तो मेला? एकदा जेवायला बोलवा. मी बगते त्याच्याकडं."

वेळकाळ म्हणून त्यांना नाहीच. चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीवर उभे. पिंडाला कावळा काही शिवेना. सुना म्हणाल्या, म्हातारीला नीट सांभाळू. मुलगा म्हणाला, दारू सोडतो. सगळ्यांचे डोळे भरलेले, आणि भाऊजी आभाळाकडे बघत मोठ्याने म्हणाले, "उगाच कशाला शपथा घेता रं? वर वारा उलटा हाय. कावळा येईल कसा?" त्याच क्षणाला कावळा आला आणि पिंड घेऊन गेला. भाऊजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. कावळ्याने त्यांचा अपमान केला होता.

एकदा त्यांनी वाचलं की पृथ्वी तापत चाललीय आणि पांढरं छप्पर ऊन परतवून लावतं. लगेच त्यांनी सगळ्या कौलांना चुना फासला. घर थंड झालं की नाही कुणास ठाऊक, पण डोंगर चढायला आलेली मुंबईची माणसं तिथे चपला काढून पाया पडायला लागली. एकाने उंबऱ्यावर नारळ ठेवला. जावेने तो फोडून चटणी वाटली आणि म्हणाली, "ह्यांचा पहिल्यांदाच काय उपेग झाला."

पण भाऊजींचं खरं दुखणं समुद्रात नव्हतं, घरामागे होतं. आमची वाडी डोंगराच्या पायथ्याला, आणि आमची दोन घरं सगळ्यात वर. खालापूरकडे एक वाडी रातोरात डोंगराखाली गेली, तेव्हापासून ते काठी घेऊन वर जायचे आणि आमच्या डोंगराची भेग बघून यायचे. आल्यावर चहा घ्यायचे नाहीत. पुढच्या पावसाळ्यात मोबाईलवर रेड अलर्ट आला तसं त्यांनी थाळी बडवून सगळ्यांना खाली गावच्या शाळेत नेलं. त्या दिवशी असं ऊन पडलं की लोकांनी शाळेच्या आवारात गोधड्या वाळवल्या. दुसऱ्या वेळी भुरभुर झाली. शेळ्यांनी वर्गात लेंड्या टाकल्या म्हणून गुरुजी रागावले ते वेगळंच. तिसऱ्या वेळी थाळी वाजली तर समोरचा म्हणाला, "भाऊ, भाताची आवणी सोडून कोण येतंय? तुमचा अलर्ट तुमीच खावा." एकही माणूस उठला नाही. भाऊजी ओट्यावर थाळी मांडीवर घेऊन बसून राहिले. मला ते बघवलं नाही, मी आत गेले.

पुढच्या आषाढात परत लाल खूण आली. या वेळी भाऊजींनी थाळी वाजवली नाही. आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं की माझा खालच्या गावदेवीला बोकडाचा नवस होता, उद्या फेडायचाय. नवसाचं मटण घरी न्यायचं नाही, देवळातच संपवायचं, ही आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत. त्यात यांनी आपली भर घातली की गुराढोरांनाही देवीच्या पाया पाडायचंय, तसंच बोललो होतो.

बोकड जावेचा. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "कसला नवस? मला कसा ठाव नाय?"

"मनातल्या मनात बोललो व्हतो."

"मग बोकड पण मनातल्या मनात कापा की!"

पण मटणाच्या नावाने सगळी वाडी खाली उतरली. शेळ्या उतरल्या, म्हशी उतरल्या, कोंबड्या पाटीखाली झाकून आणल्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. ती वाटभर सांगत होती, "मला नळी द्या रं, नळी." दुपारी जेवणं झाली. पाऊस असा की समोरचा माणूस ओरडला तरी ऐकू येईना. माणसं घरी जायला उठली तसे भाऊजी डाव घेऊन आडवे आले. "पातेलं संपल्याबिगर उठायचं नाय. देवी कोपंल." आयुष्यात देवीला हात न जोडलेला माणूस! ते वाढत राहिले, लोक शिव्या देत खात राहिले.

मग खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला, आणि थांबेचना. पाऊस जरा विरळ झाल्यावर बघितलं तर वाडीच्या जागी लाल माती होती. पांढरं छप्पर कुठेच दिसेना. हात पत्रावळीतच राहिले. आजीच्या हातात नळी तशीच होती.

बऱ्याच वेळाने जाऊ म्हणाली, "आवं, तुमचा नवस व्हता तरी काय?"

"नव्हताच."

"मग आता फेडावा लागंल," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

आता आम्ही सगळे रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. दर आषाढात बोकड पडतो. जरा ढग आले की लोक भाऊजींच्या दारात येतात, "भाऊ, काय म्हनतोय समुद्र?" आणि भाऊजी म्हणतात, "काय नाय. झोपा जावा." वादळं नाहीत, एल निनो नाही, वारा नाही. कुणी ऐकत नव्हतं तेव्हा तोंड बंद होत नव्हतं. आता एक शब्द टाकला तर सगळेजण पोरंबाळं उचलून पळतील, म्हणून ते तोलून तोलून बोलतात. पत्र्याच्या भिंतीतून तर श्वासही ऐकू येतो. पण पलीकडे सगळं गप्प.

थोरल्या दिरांशी मी आजवर समोरासमोर बोललेली नाही. परवा मात्र राहवलं नाही. दाराआडून विचारलं, "भाऊजी, ते लांबचं पाणी अजून तापलेलंच हाय का?"

त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"बस बाय," म्हणाले, "दाखवतो."