वजा एक

पनवेलच्या स्टँडवर एसटी शिरली, समोर रिक्षांची रांग दिसली आणि सांगलीपासून आंबलेलं माझं अंग एकदम हुशारलं. गाडीच्या नंबरपाटीवरच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून दहा आणायचे, ही माझी जुनी खोड. सुकापूरला पोचेपर्यंत न्यायला आलेल्या भाचीचे, नीताचे, कान किटले.

"मामा, कोळीवाड्यात तुमच्यासारखीच एक बाई आहे," ती म्हणाली. "चला, मासळी तिच्याकडूनच घेऊ."

दुपारी खाडीवर गेलो. ओहोटी लागली होती. तळोज्याकडचा पिवळट धूर पाण्यावर बसला होता आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. हिराबाई रिकामी पाटी पुढे घेऊन बसली होती. तिच्या मुलाची होरी (होडी) कालच यायला हवी होती. होडीवर पाच जण, आणि फोन एकाचाही लागत नव्हता. म्हणून काठाला लागणाऱ्या प्रत्येक होडीच्या नंबरातून ती पाच काढत होती. पाच निघाले, की पाचही सुखरूप.

एक होडी आली. तीन, एक, दोन. "तीन येके तीन, न् दोन पाच," ती पुटपुटली.

पुढची आली. दोन, चार, एक. हिराबाई अडली. ओठ हलत राहिले, चेहरा उतरत गेला. मला कुठलं राहवायला?

"सोपं आहे हो. दोन नि चार सहा, वजा एक. पाच."

जाळं शिवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"मानसं दर्यावर असली की आमी वजा करत नाय, भाऊ," हिराबाई म्हणाली. "मिलवायचं, नायतं गुनायचं."

"त्यांना ठाऊक नव्हतं गं, मावशी," नीता म्हणाली.

"ठाव नसलं तरी केलं ना."

उठावं म्हटलं, पण पाय निघेना.

उन्हं कलताना धुरातून तिची होडी आली. तिने मोजले, मीही मोजले. पाच. माझा जीव भांड्यात पडला.

"बघा, काही झालं नाही," मी हसून म्हणालो.

कोणी हसलं नाही. मुलाच्या तोंडावरून हात फिरवून ती माझ्याजवळ आली. ओले बोंबील पिशवीत घालता घालता हळूच म्हणाली, "आमची पाचबी आली. तुमी वजा केलेला येक मंग कुनाचा, भाऊ?"

नीताने बोंबील झकास तळले होते म्हणे. मी ताट तसंच ठेवून उठलो. सकाळचीच गाडी धरली.

संध्याकाळी घरी दार बायकोने उघडलं. मागे सून उभी होती. घरात आम्ही चौघं.

"सुहास कुठाय?"

"कामावर. येईल की आता. आधी आत तरी या."

प्रवासाहून आलेला माणूस आधी पाणी मागतो. मी बूटही न काढता पायरीवर बसलो आणि मुलाच्या वाटेकडे बघत राहिलो.