फ्रीजमधले जंत आणि सायलीचं स्थळ

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. समोरच्या सायलीचं ठरत आलेलं लग्न मी एका बशीभर पोह्यांवर मोडायला निघाले होते!

सायली कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधन करते, एवढंच मला ठाऊक. एका शनिवारी दारात आली. "काकू, आमचा फ्रीज बिघडलाय. हा डबा सोमवारपर्यंत ठेवाल? आणि प्लीज, उघडू नका हं."

उघडू नका! अहो, कोथरूडातल्या शेजारणीला असं सांगतात का? तिची पाठ वळली आणि मी झाकण काढलं.

आत दोन बाटल्या. दोन्हींवर सायलीचं नाव आणि तारीख, रक्त-लघवी तपासायला देताना चिकटवतात तशी चिठ्ठी. आणि चिठ्ठीमागे... जंत! एकीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, चांगले लांब. दुसरीत बारके, नुसतेच लालसर.

अगं बाई! पोरीच्या पोटात जंत, आणि तेही दोन जातींचे!

लाजेनं बोलली नसणार बिचारी. मी वावडिंग कुटलं, मधात कालवलं आणि "सर्दीला चांगलं असतं" म्हणून संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा तिला चाटवलं. पोर गुणाची. तोंड वाकडं केलं, पण चाटलं.

आणि त्याच रविवारी बेल वाजली. दारात एक बाई. मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत, सायलीला बघून गेलेला, म्हणून शेजारीपाजारी जरा चौकशी. मी हाताला धरून आत आणलं, पोहे दिले.

"मुलगी कशी आहे हो?"

"सोनं!"

"तब्येत वगैरे?"

इथे गप्प बसायचं ना? पण म्हटलं, लपवाछपवी नको. "तब्येत उत्तम. पोटात थोडे जंत आहेत, पण वावडिंग चालू केलंय. मुहूर्तापर्यंत निघतील."

बाईंचा चमचा हवेतच. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, फ्रीजमध्येच आहेत ना! थांबा, दाखवते."

आणि दाखवले हो मी! बाई चहासुद्धा न घेता जिना उतरल्या.

तासाभरात सायली लालबुंद होऊन दारात. मुलाचा फोन आला होता. "काकू, ते बकरीचे जंत आहेत! खाटकाकडून आणलेत! माझ्या कामाचे!"

"अगं, पण दोन जाती..."

"जात एकच! पट्ट्यांच्या माद्या, बारके नर!"

आता जमीन दुभंगली असती तर मी वावडिंगासकट आत गेले असते. पण घाण मी केलेली, निस्तरणार कोण? तिच्याबरोबर त्याच संध्याकाळी मुलाच्या घरी गेले, हात जोडले, सगळं कबूल केलं. सायलीनं बाटल्या थेट त्यांच्या टीपॉयवर ठेवल्या.

"नर-मादीची जनुकं जवळजवळ सारखीच असतात," ती सांगू लागली. "पण कुठलं चालू राहतं, कुठलं बंद, यात फरक पडतो. त्यामुळे ही अशी दिसते नि तो तसा. ती बटणं दाबतं कोण, ते मी शोधतेय. कळलं तर पुढेमागे जंतांवर नवं औषध निघेल."

मुलगा पुढे सरकला. "म्हणजे प्रोग्रॅम तोच, पण चालवायचे भाग वेगळे?"

"अगदी!"

मग दोघं त्या बाटल्यांवर अशी वाकली, की आम्ही तिथे आहोत हेच विसरली. मी भीतभीत आईंकडे पाहिलं. त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," त्या म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच माझ्याकडे वळल्या. "फक्त ही दोघं घर घेतील ना, तेव्हा शेजारणीची चौकशी आधी मी करणार."